पाहणाऱ्या रस्त्याची जबाबदारी

२०१९ साली संसदेने मोटार वाहन कायद्यात मोठी दुरुस्ती केली. त्या दुरुस्तीतली दोन कलमे शेजारी शेजारी ठेवून वाचली, की आपल्या रस्त्यांचा एक मोठा प्रश्न समोर येतो. कलम १३६-अ म्हणते, की राष्ट्रीय व राज्य महामार्गांवर आणि मोठ्या शहरांत सरकारने इलेक्ट्रॉनिक देखरेखीची व्यवस्था उभारावी; म्हणजे वेग मोजणारे कॅमेरे, नंबरप्लेट वाचणारी यंत्रे आणि त्यांच्या आधारे होणारी कारवाई. कलम १९८-अ म्हणते, की रस्त्याचा आराखडा, बांधणी किंवा देखभाल यांचे ठरवून दिलेले निकष न पाळल्यामुळे कोणाचा जीव गेला किंवा कोणी अपंग झाले, तर संबंधित प्राधिकरण, ठेकेदार किंवा सवलतधारक कंपनी दंडास पात्र ठरेल. दंडाची कमाल मर्यादा एक लाख रुपये. ही रक्कम मृताच्या घरी किंवा जखमीच्या हातात जात नाही. ती कायद्याने नेमून दिलेल्या मोटार वाहन अपघात निधीत जमा होते. वाहनचालकाची चूक यंत्राने टिपायची आणि रस्ता सांभाळणाऱ्याची चूक एका लाखावर थांबवायची, असा हा मामला आहे. अपघातांचे दावे आणि त्यांतले सरकारचे दायित्व हा माझ्या कामाचा विषय. त्यावरून माझे जे मत बनले आहे ते असे: ज्या रस्त्याला सरकारने डोळे दिले, त्या रस्त्यावर ‘आम्हाला ठाऊक नव्हते’ हा बचाव सरकारला उरत नाही, आणि त्या डोळ्यांनी टिपलेली नोंद जशी चालकाविरुद्ध चालते तशीच ती जखमीच्या बाजूनेही चालली पाहिजे.

हा प्रश्न माण-हिंजवडीच्या वाचकाला दूरचा वाटू नये. माणहून सकाळी मुंबईला निघालेला माणूस राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान पार्कातून भूमकर चौकात येतो, राष्ट्रीय महामार्ग ४८ धरतो आणि किवळ्यापाशी यशवंतराव चव्हाण द्रुतगती मार्गावर चढतो. सुमारे ९५ किलोमीटरच्या या मार्गावर जुलै २०२४ पासून महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाची ‘इंटेलिजंट ट्रॅफिक मॅनेजमेंट सिस्टीम’ चालू आहे. कॅमेरे वेग मोजतात, लेन तोडणारी गाडी पकडतात, सीटबेल्ट न लावलेला चालक ओळखतात. बंद पडलेल्या गाडीसारखी घटना टिपणारी यंत्रे आहेत आणि पुढची वार्ता देणारे संदेशफलकही आहेत. या तंत्रज्ञानाला माझा विरोध नाही, उलट ते आणखी हवे आहे. २०१६ साली या एका मार्गावर १५१ माणसे मेली होती. त्याच वर्षी ‘सेव्ह लाइफ फाउंडेशन’ने महामंडळाला सोबत घेऊन ‘झिरो फॅटॅलिटी कॉरिडॉर’चे काम सुरू केले. प्रत्येक अपघाताचा माग काढून धोक्याच्या जागा दुरुस्त करत गेल्यावर पुढच्या काही वर्षांत मृत्यूंचा आकडा निम्म्याच्या आसपास आला. रस्त्याविषयीची माहिती जीव वाचवते, याचा याहून चांगला पुरावा महाराष्ट्रात नाही. माहिती हाती असूनही कोणी हालले नाही तर काय, हा माझा प्रश्न आहे.

आधी ई-चलान जवळून पाहू. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये नियम १६७-अ आला. त्यानुसार रस्त्यावर लावलेल्या यंत्राला मान्यतेचे प्रमाणपत्र लागते आणि त्याचे दर वर्षी नूतनीकरण करावे लागते. पुढे कॅमेरा आहे, हे सांगणारा फलक लागतो. गुन्हा घडल्यापासून पंधरा दिवसांत चालकाला नोटीस जावी लागते. सोबत गुन्ह्याचा आणि नंबरप्लेटचा स्पष्ट फोटो, यंत्राने घेतलेले मोजमाप, तारीख, वेळ, ठिकाण, कोणते कलम मोडले त्याचा उल्लेख आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी कायद्याला लागणारे प्रमाणपत्र द्यावे लागते. चलानचा निकाल लागेपर्यंत ती नोंद जपून ठेवावी लागते. हजार-दोन हजारांच्या दंडासाठी कायद्याने इतकी काळजी घेतली आहे आणि ती योग्यच आहे. आता त्याच खांबावरच्या त्याच कॅमेऱ्याने दुसरे काही टिपले असे समजा: बोरघाटात रात्री लेनमध्ये बंद पडलेला ट्रक, तो उभा राहिला ती वेळ, नियंत्रण कक्षात सूचना पोचली ती वेळ, अलीकडचा संदेशफलक बदलला की नाही ते, आणि शेवटी त्या ट्रकवर मागून आदळलेली गाडी. ही नोंद जखमीला इतक्या दिवसांत द्या, असे सांगणारा नियम १६७-अ सारखा कोणताही नियम नाही. ती किती काळ जपावी हे जखमीच्या हिताने ठरलेले नाही. कॅमेऱ्यांचे चित्रण ठरावीक मुदतीनंतर पुसले जाते आणि दवाखान्यातून घरी आलेल्या माणसाला ते मागायचे सुचते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

या नोंदीला मी एवढे महत्त्व का देतो, ते कळायला सर्वोच्च न्यायालयाचे झाडांविषयीचे दोन निकाल पाहावे लागतात. १९७५ साली राजकोटमध्ये कामावर चाललेल्या एका माणसावर रस्त्याकडेचे झाड कोसळले आणि तो गेला. खालच्या न्यायालयांनी त्याच्या पत्नीला भरपाई दिली, पण १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. झाडाच्या आतली कीड बाहेरून दिसत नव्हती. शहरातले प्रत्येक झाड तपासून आतला दोष हुडकणे महापालिकेकडून अपेक्षित धरता येत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. दोनच वर्षांनी, १९९९ साली, दिल्लीचे प्रकरण त्याच न्यायालयासमोर आले. स्कूटरवरून जाणाऱ्या माणसावर फांदी पडली होती. हे झाड वाळलेले होते, जाणाऱ्या-येणाऱ्यालाही ते दिसत होते. इथे महापालिका जबाबदार ठरली. दोन्ही निकालांमागे तत्त्व एकच आहे. धोका सरकारी यंत्रणेला ठाऊक होता का, किंवा नीट लक्ष दिले असते तर ठाऊक झाला असता का, यावर जबाबदारी ठरते. कलम १९८-अ मध्येही न्यायालयाने विचारात घ्यायच्या बाबींत हा प्रश्न स्पष्टपणे लिहिलेला आहे.

सेन्सर आणि कॅमेरे यांनी नेमकी हीच परिस्थिती बदलली. आतून पोखरलेले झाड न दिसणे समजण्यासारखे आहे. पण लेनमध्ये उभा असलेला ट्रक पडद्यावर दिसत असेल, एकाच वळणावर आठवड्यामागून आठवडे गाड्या घसरल्याची नोंद संगणकात पडून असेल, सिग्नलच्या नियंत्रकाने बिघाडाची खूण पाठवली असेल, तर तो दोष लपलेला राहत नाही. तो वाळलेल्या झाडासारखा उघडा पडतो. इतकी वर्षे अपघाताच्या दाव्यात अडचण असायची ती सरकारला धोका कळला होता हे सिद्ध करण्याची. साक्षीदार मिळत नसत, पंचनाम्यात रस्त्याच्या स्थितीविषयी एखादी ओळ असे, आणि खाते सांगे की आमच्याकडे तक्रारच आली नव्हती. आता तक्रार यंत्रानेच नोंदवलेली असते आणि तिच्यावर वेळही असते. हे तंत्रज्ञान बसवणारा आपल्या कर्तव्याची मर्यादा स्वतःच पुढे सरकवत असतो, असे माझे म्हणणे आहे.

इंग्लंडने याचा अनुभव फार कटू रीतीने घेतला. तिथे मोटारवेवरची बंद गाड्यांसाठीची कडेची पट्टी काढून ती वाहतुकीला खुली करण्यात आली. कॅमेरे आणि संदेशफलक लक्ष ठेवतील, गाडी बंद पडली की ती लेन फलकावर लाल फुलीने बंद करता येईल, हा त्यामागचा भरवसा होता. सप्टेंबर २०१८ मध्ये साउथ यॉर्कशरमधल्या एम-१ वर एक गाडी अशीच बंद पडली. सोळा मिनिटांहून अधिक काळ ती चालत्या लेनमध्ये उभी होती आणि कोणाच्या लक्षात आली नाही. मागून दुसरी गाडी आदळली आणि बाहेर उभ्या असलेल्या एका महिलेचा जीव गेला. धडकेनंतरही फलकावर लेन बंद व्हायला काही मिनिटे लागली. महामार्ग चालवणाऱ्या सरकारी कंपनीवर मनुष्यवधाचा खटला भरावा, असा विषय पुढे आला. २०२२ साली तिथल्या अभियोग खात्याने निर्णय दिला, की त्या कायद्याच्या अर्थाने ही कंपनी रस्ता वापरणाऱ्याप्रति काळजीच्या कर्तव्याने बांधलेली नाही, म्हणून खटला उभा राहू शकत नाही. त्याच रस्त्यावर जून २०१९ मध्ये मेलेल्या दोघांच्या चौकशीत मृत्यू-तपास अधिकाऱ्याने २०२१ साली बजावले होते, की कडेची पट्टी नसलेल्या या मार्गांवर पुढेही मृत्यू होण्याचा धोका आहे. एप्रिल २०२३ मध्ये ब्रिटिश सरकारने असे नवे मार्ग बांधण्याची योजनाच गुंडाळली. यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. यंत्रावर विसंबून जुने संरक्षण काढून घेतले, की यंत्राचे अपयश जीवघेणे ठरते. आणि जबाबदारीचा कायदा आधी तयार नसेल, तर इतके उघड अपयशही कोणाच्या माथी लागत नाही.

आपल्याकडे सरकारचा पहिला बचाव असतो तो सार्वभौम कृतीचा: राज्यकारभार चालवताना झालेल्या नुकसानीसाठी सरकारवर दावा चालत नाही. गंमत नव्हे, पण लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की या विषयातला आपला मूळ खटलाच रस्त्यावरच्या अपघाताचा आहे. कलकत्त्याच्या खिदिरपूर गोदीतले सरकारी मजूर लोखंडाचा अवजड तुकडा रस्त्यावरून नेत होते. तो पडला, त्या आवाजाने एका आगबोट कंपनीच्या गाडीचा घोडा बुजला आणि जखमी झाला. १८६१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारला जबाबदार धरले, कारण गोदी चालवणे हे खासगी माणूसही करू शकेल असे काम होते. पुढे १९६५ च्या कस्तुरीलाल निकालाने सार्वभौम कृतीचे संरक्षण पुन्हा रुंद केले. मात्र १९६२ च्या विद्यावती प्रकरणात सरकारी जीपने चिरडलेल्या माणसाच्या घरच्यांना भरपाई मिळालीच होती, आणि १९९४ च्या नागेंद्र राव निकालाने स्पष्ट केले, की कल्याणकारी राज्यात हे संरक्षण संरक्षणदल, परराष्ट्र व्यवहार अशा मोजक्या कामांपुरतेच उरते. टोल घेऊन रस्ता चालवणे, ठेकेदाराकडून कॅमेरे बसवून घेणे, फलकावर संदेश झळकवणे ही कामे त्या मोजक्यांत बसत नाहीत. कायदा आयोगाने १९५६ सालच्या आपल्या पहिल्याच अहवालात सरकारच्या अशा दायित्वाचा नेमका कायदा करा, असे सुचवले होते. १९६० च्या दशकात विधेयके आली आणि बारगळली. तो कायदा आजही नाही.

दावा कुठे लावायचा, हा दुसरा प्रश्न. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण हे जखमीसाठी सर्वांत जवळचे दार, पण तिथे वकिलांची सवय वाहनमालक आणि विमा कंपनीला प्रतिवादी करून थांबण्याची. रस्त्याच्या मालकाविरुद्ध दिवाणी दावा लावायचा, तर सरकारला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस, मग वर्षानुवर्षे तारखा. इथे १९९७ चा एक निकाल फार मोलाचा आहे. १९७९ साली केरळात फाटक नसलेल्या रेल्वे क्रॉसिंगवर लग्नाच्या वऱ्हाडाची बस रेल्वेखाली आली आणि चाळीसच्या आसपास माणसे मेली. रेल्वेचे म्हणणे होते, की आम्ही काही मोटारगाडीचे मालक नाही, त्यामुळे या न्यायाधिकरणात आम्हाला ओढता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही. अपघात मोटार वाहनाच्या वापरातून घडला असेल, तर त्यात ज्याची ज्याची चूक मिसळली आहे त्या प्रत्येकाला त्याच न्यायाधिकरणात उभे करता येते, आणि धोकादायक क्रॉसिंग सुरक्षित करण्याचे कर्तव्य रेल्वेवर आहे, असे ठरले. रेल्वे क्रॉसिंगला जे लागू होते ते बंद पडलेल्या सिग्नलच्या चौकाला का लागू होऊ नये, याचे उत्तर मला तरी सापडलेले नाही. वाट आहे. तिच्यावरून जाणारे थोडे आहेत.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या दिशेने मोठे पाऊल टाकले. खड्डे आणि उघडी मॅनहोल यांविषयीच्या, न्यायालयाने स्वतःहून दाखल करून घेतलेल्या याचिकेत न्या. रेवती मोहिते डेरे आणि न्या. संदेश पाटील यांच्या खंडपीठाने मृत्यूला सहा लाख आणि दुखापतीला पन्नास हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवून दिली. दावे निकाली काढायला समित्या, पैसे देण्याला सहा ते आठ आठवड्यांची मुदत, आणि रक्कम अखेर दोषी ठेकेदार वा अधिकाऱ्याकडून वसूल करायची, असा तो आदेश आहे. सुरक्षित रस्ता हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, ही त्याची बैठक. मात्र आदेशाची भाषा खड्डे आणि मॅनहोल यांच्यापुरती आहे. चौकातला सिग्नल दोन्ही बाजूंना हिरवा दाखवत राहिला, किंवा ‘पुढे मार्ग मोकळा’ असे सांगणाऱ्या फलकापुढे अपघातग्रस्त टँकर आडवा निघाला, तर रस्त्यावरून जाणाऱ्याच्या दृष्टीने तोही खड्डाच आहे. किंबहुना तो अधिक वाईट, कारण खड्डा माणसाला विश्वास देत नाही. हिरवा दिवा देतो. कलम २१ चा हक्क डांबराच्या थरापाशी थांबतो, असे म्हणायला काहीच आधार नाही.

आता माणमध्ये उभे राहून हेच पाहा. गाव मुळशी तालुक्यात, कारभार ग्रामपंचायतीचा, नियोजन पीएमआरडीएचे, आयटी पार्कातले रस्ते एमआयडीसीचे, काही रस्ते सार्वजनिक बांधकाम खात्याचे, वाहतुकीचे नियमन पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाचे, आणि माणपासून सुरू होणाऱ्या तेवीस किलोमीटरच्या मेट्रो मार्गिकेसाठी रस्त्याचा पट्टा सवलतधारक कंपनीच्या ताब्यात. चाकणला पुणे-नाशिक महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, कारखान्यांकडे जाणारे रस्ते एमआयडीसीकडे, गावातले नगरपरिषदेकडे. जानेवारी २०२५ मध्ये हिंजवडी-माण रस्त्यावर वळणावर काँक्रीटचा मिक्सर उलटून दुचाकीवरच्या दोन तरुणींचा जीव गेला. त्या अपघातात कोणाचा किती दोष, हे ठरवण्याची जागा न्यायालय आहे. पण अशा प्रसंगी वळणाचा उतार कोणी तपासायचा, जड वाहनांच्या वेळांवर लक्ष कोणी ठेवायचे आणि कॅमेरा असेल तर त्याचे चित्रण कोणाच्या ताब्यात, या तीन प्रश्नांना इथे तीन वेगळी कार्यालये उत्तर देतात. उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार दावा करायचा, तरी आधी रस्ता कोणाचा हे शोधावे लागते. यात नवे तंत्रज्ञान आले, की खांब एकाचा, कॅमेरा दुसऱ्याचा, सर्व्हर तिसऱ्याचा, अशी आणखी वाटणी होते. जखमी माणसाने हे कोडे सोडवत बसावे ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

माझ्या म्हणण्यावर काही आक्षेप नेहमी घेतले जातात, आणि ते वजनदार आहेत. पहिला असा, की जबाबदारीची भीती घातली तर सरकार कॅमेरे बसवणारच नाही. न पाहणारा सुटतो आणि पाहणारा अडकतो. हे खरे ठरले तर माझा युक्तिवाद उलटा पडेल. पण न पाहण्याची मुभा कायद्याने ठेवलेली नाही. देखरेख उभारणे कलम १३६-अ ने बंधनकारक केले आहे, आणि कोइमतूरचे अस्थिशल्यविशारद डॉ. एस. राजशेखरन यांच्या २०१२ च्या जनहित याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये राज्यांना त्याची अंमलबजावणी करायला सांगितले आहे. दुसरे असे, की मी चूक नसताना जबाबदारी मागत नाही. इंग्लंडच्या १९८० च्या महामार्ग कायद्यात रस्त्याची देखभाल हे प्राधिकरणाचे कर्तव्य आहे, आणि आपण वाजवी काळजी घेतली होती हे दाखवता आले तर त्याला बचावही आहे. तसाच बचाव इथे असावा. तपासणीची वही भरलेली असेल, बिघाड कळल्यावर माणूस धाडल्याची वेळ नोंदलेली असेल, तर तीच यंत्रणा प्रामाणिक अधिकाऱ्याची ढाल होईल. आज प्रामाणिक आणि बेफिकीर दोघेही एकाच अंधारात उभे आहेत.

दुसरा आक्षेप: किती कॅमेरे, कुठे, कोणत्या पैशातून, हे धोरण आहे, न्यायाधीशांनी महामार्ग अभियंता होऊ नये. हा मला बव्हंशी मान्य आहे. न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने १९६० साली बफेलो शहराच्या सिग्नलबाबत हेच म्हटले: तज्ज्ञांनी अभ्यास करून दिवे बदलण्यातला अवकाश ठरवला असेल, तर ज्युरीने तो कमी-जास्त ठरवू नये. पण त्याच न्यायालयाने २०१६ साली, एका रस्त्यावरच्या बेफाम वेगाच्या तक्रारी वारंवार येऊनही न्यूयॉर्क शहराने पुरेसा अभ्यास केला नाही म्हणून, जखमी मुलाला भरपाई देणारा निकाल कायम केला. ही रेघ आपणही ओढू शकतो. कॅमेरा न बसवण्याच्या निर्णयावर सहसा दावा नको. बसवलेला कॅमेरा बंद ठेवणे, आलेली सूचना न पाहणे, खोटा संदेश झळकत राहू देणे, यावर मात्र दावा चाललाच पाहिजे. धोरण ठरवण्यात चूक होणे वेगळे आणि नियंत्रण कक्षात कोणी जागेवर नसणे वेगळे.

तिसरा आक्षेप चालकांच्या बेशिस्तीचा. आपल्याकडचे बहुतेक अपघात वेग, दारू, उलट्या दिशेने येणारी वाहने यांमुळे होतात, मग भुर्दंड करदात्याने का सोसावा? चालकाची चूक असेल तर तिचा वाटा त्याच्या पदरात पडावाच. एकाच अपघातात अनेकांच्या निष्काळजीपणाचा हिस्सा ठरवणे न्यायाधिकरणे नेहमी करतात. पण चालकाची चूक झाली म्हणून रस्त्याची चूक पुसली जात नाही. मागच्या सीटवर बसलेल्या, पायी चाललेल्या, सायकलवरून कामाला निघालेल्या माणसाची तर काहीच चूक नसते. करदात्याचे म्हणाल, तर अपघाताचा खर्च आजही कोणीतरी भरतोच. जमीन विकून, दागिने मोडून, मुलाचे शिक्षण थांबवून तो जखमीच्या घरचे भरतात. तो सर्वांत दुबळ्या खांद्यावरून उतरवून, रस्ता सांभाळणाऱ्यावर आणि शेवटी चूक करणाऱ्या ठेकेदारावर ठेवावा, एवढेच मागणे आहे. ठेकेदाराकडे बोट दाखवून सरकारने मोकळे होणे मात्र चालणार नाही. टोल आणि दंड घेणारा हात सरकारचा, तर उत्तर देणारा हातही आधी सरकारचाच. ठेकेदाराकडून वसुली ही त्या दोघांतली गोष्ट.

म्हणून चार बदल हवेत. एक, कलम १९८-अ मधला दंड अपघात निधीत जात राहो, पण त्याखेरीज जखमीला आणि वारसांना प्राधिकरणाकडून पूर्ण भरपाई मागता येईल आणि ती मोटार अपघात न्यायाधिकरणातच मागता येईल, असे कायद्यात शब्दांत लिहावे. दोन, नियम १६७-अ च्या धर्तीवर नियम करावा, की गंभीर अपघात झाला की त्या जागेच्या आधीच्या-नंतरच्या काही तासांच्या सर्व नोंदी, म्हणजे चित्रण, सेन्सरच्या सूचना, फलकावरचे संदेश आणि नियंत्रण कक्षाची वही, आपोआप जपल्या जातील आणि प्रमाणपत्रासह जखमीला ठरल्या मुदतीत मिळतील. तीन, नोंद हरवली किंवा पुसली गेली तर ती ताब्यात असणाऱ्याच्या विरुद्ध होती असे न्यायालयाने गृहीत धरावे. देता येण्याजोगा पुरावा न देणाऱ्याविरुद्ध असे अनुमान काढण्याची मुभा आपल्या पुरावा कायद्यात पूर्वीपासून आहे, ते इथे नियम म्हणून यावे. चार, माण-हिंजवडी आणि चाकण यांसारख्या पट्ट्यांत भरपाईच्या अर्जांसाठी एकच कार्यालय नेमावे. आतली वाटणी खात्यांनी आपसात करावी. यांतल्या दुसऱ्या आणि चौथ्या मागणीची सुरुवात करायला मंत्रालयातून निघणारा शासन निर्णय पुरेसा आहे, संसदेची वाट पाहावी लागत नाही.

तोवर वाचकांनी एवढे करावे. आपल्या ओळखीत कोणाला अपघात झाला आणि त्यात सिग्नल, फलक, दिवे किंवा रस्त्याची रचना यांचा वाटा असल्याची शंका आली, तर पहिल्या आठवड्यातच रस्त्याच्या मालक संस्थेला आणि पोलीस ठाण्याला लेखी अर्ज देऊन त्या वेळचे चित्रण जपून ठेवायला सांगा आणि पोच घ्या. पोलिसांचा अपघात अहवाल मागा. २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल नव्वद दिवसांत व्हायचा असतो. दावा सहा महिन्यांच्या आत लावा, कारण कलम १६६ ने तेवढीच मुदत ठेवली आहे. आणि त्या दाव्यात वाहनमालक व विमा कंपनी यांच्या जोडीला रस्त्याच्या मालकालाही प्रतिवादी करा, असा आग्रह वकिलापाशी धरा. असे दावे लागले तरच निकाल लागतील आणि निकाल लागले तरच कायदा बदलेल. नागरिकाकडे कॅमेरा रोखण्याचा अधिकार सरकारला आपणच दिला आहे. त्या कॅमेऱ्याची नोंद मागण्याचा हक्क आता आपण बजावला पाहिजे.